मीच पडलो, असं लिहा

कांचघरच्या वळणावर मागून कार आली अन् मला सायकलसकट उडवलं. यात माझी काडीची चूक नव्हती. सगळी नोकरी फॅक्टरीत सायकलनं गेलो, रिटायर झाल्यावर भाजीसुद्धा सायकलनंच आणायचो, अन् चालवायचो ती डावीकडूनच. पण दवाखान्याच्या कागदावर लिहिलं आहे, 'सायकल से स्वयं गिरे.' ते मीच लिहायला लावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

झालं असं की पडता पडता मी "आई गं" म्हणालो असेन. कारमधून तिशीचा एक माणूस धावत उतरला, माझ्या पायाकडे पाहून पांढराफटक पडला अन् म्हणाला, "काका, फार लागलं का हो?"

मराठीत. जबलपुरात, भर रस्त्यात. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी बंगलोरला, तिला फोनवर बोलायला वेळ नसतो, अन् नातवंडं 'नानाजी नमस्ते'च्या पुढे जात नाहीत. शेजारी देवमाणसं, पण हिंदी. घरात मराठी बोलायचं तर मी कुकरशी बोलायचो. लोकांना हसू येईल, येऊ द्या.

त्यानंच मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाला, "काका, पोलिसांचं लफडं नको हो, माझी नोकरी नवीन आहे. मी येत जाईन ना तुमच्याकडे." डॉक्टरनं विचारलं, "कैसे लगी?" मी म्हणालो, "अपने आप गिर गया, लिखिए." आपला माणूस, त्याला काहून अडकवायचं?

तो खरंच आला, दोनदा. एकदा सदर बाजारातून खोव्याची जलेबी घेऊन आला, तासभर बसला. आमच्या हिच्या हातच्या कोथिंबिरीच्या सांबारवडीपासून फॅक्टरीतल्या गणपतीपर्यंत सगळं मी त्याला ऐकवलं. फार बोललो असेन. त्यानंतर तो आला नाही, अन् फोनही उचलेनासा झाला.

इकडे हाड वाकडं जुळलं. पुन्हा ऑपरेशन करा, नाहीतर कुबडी जन्मभर, असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्या दीदींनी मला ऑटोत घातलं अन् जिल्हा कोर्टात मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंसमोर नेऊन बसवलं. बाईंनी दवाखान्याचा कागद वाचून कपाळाला हात लावला. "काकाजी, ये आपने क्या लिखवा दिया? इसी एक लाइन पर दावा गिर जाएगा." मग नीट समजावलं. भरपाई विमा कंपनी देते, त्या माणसाच्या खिशातून जात नाही. पण पोलिसात अर्ज द्यावा लागेल, त्याचं नाव घ्यावं लागेल, अन् खोटं का बोललात ते कोर्टात सांगावं लागेल.

मी "सोचता हूँ" म्हणून उठलो अन् तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही. खरं सांगतो, पाय ठणकत होता तरी वाटायचं, तो आला तर? दावा केला की त्याचं येणं संपलंच. आपलेच दात, आपलेच ओठ. मग एका सकाळी न्हाणीघरात पडलो. उठता येईना. अर्धा तास हाका मारल्या, तेव्हा कुठे दीदींना ऐकू गेलं. त्याच दुपारी जाऊन सही केली.

वळणावरच्या पानवाल्यानं साक्ष दिली, गाडी मागून आली म्हणाला. मग माझी पाळी. विमा कंपनीच्या वकिलानं कागद पुढे धरला. "तब सच बोला था, या अब बोल रहे हैं?"

"तब झूठ बोला था."

"क्यों?"

वकीलबाईंनी विचारलं होतं तेव्हा मी सांगितलं होतं, घाबरलो होतो. तेच सांगणार होतो. पण तो मागच्या बाकावर खाली मान घालून बसला होता, अन् माझ्या तोंडून निघून गेलं, "साहब, ये मराठी में बोला था. मेरे घर में अब कोई बोलता नहीं. मुझे लगा, आता रहेगा."

वकील कागद घेऊन खाली बसला. टाइप करणारी मुलगी थांबून माझ्याकडे पाहत राहिली. भरल्या कोर्टात उघडा पडलो, अन् फार लाज वाटली.

निकाल अजून यायचा आहे. बाई म्हणतात, आपल्याच बाजूनं लागेल. त्या दिवशी बाहेर पडताना जिन्यावर त्यानं माझी कुबडी सावरली अन् म्हणाला, "संभल के, अंकल."

मी म्हणालो, "येत जा रे."

"जी, अंकल," म्हणाला, अन् भराभर उतरून गेला. दावा मीच केला त्याच्यावर, अन् मीच त्याची वाट पाहून राहिलो.