गालावरचे काळे डाग

चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढं लग्न होऊन आजऱ्याहून कोल्हापुरात आले आणि वर्षभरातच तोंड मुरमांनी भरलं. मुरूम बसले, पण गालांवर काळे डाग राहिले. सासऱ्यांना कुस्तीचा नाद. तालमीच्या मातीत हळद, ताक, तेल मुरवलेलं असतं, तिनं अंगावरचं सगळं जातं, ही त्यांची खात्री. पटक्याच्या टोकाला बांधून त्यांनी मूठभर माती आणली. मी तिच्यात लिंबू पिळून रोज खसाखसा चोळायची आणि गच्चीवर उन्हात वाळवत बसायची. डाग आणखीच काळे झाले.

शेजारच्या काकूंनी नळावर आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारलं, सुनेला महारोग तर नाही ना? बरी होईपर्यंत माहेरी धाडा, असंही सुचवलं. मला भीती तीच. आमच्या आळीतली एक जण अशीच माहेरी गेली होती, तिला परत आणायला कुणी गेलंच नाही.

 दुसऱ्या दिवशी आत्याबाई मला डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. डॉक्टरांनी डागांवर टाचणी टेकवून कळतं का विचारलं, मग म्हणाले, महारोगाचा डाग बधिर असतो, हा तो नाही. मुरूम बसला तरी ती जागा बरेच दिवस काळी राहते. चोळून, लिंबू लावून, उन्हानं आणखी रापते. काही लावायचं नाही, मुरूम फोडायचा नाही, उन्हात पदर पुढं ओढायचा. वर्षभरही लागेल. आत्याबाईंनी औषधाची बाटली मागितली, ती त्यांनी दिली नाही. बाटलीशिवाय आळीतल्या बायकांना पटायचं नाही, असं त्या वाटेत पुटपुटल्या.

चैत्रात आमच्याकडं हळदीकुंकू होतं. मी स्वयंपाकघरात कैरीची डाळ वाढत होते. आत्याबाईंनी मला बाहेर बोलावून करंडा हातात दिला. बायका माझ्या गालांकडं बघायला लागल्या.

"लाव की. आधी मला."

मी लावलं. मग आत्याबाई शेजारच्या काकूंकडं वळल्या. "डाक्तरनं बघितलंय. मुरमाचं काळं हाय. माझी सून कुठं जायची न्हाय. तुमास्नी लावून घ्यायचं नसंल तर डाळ खाऊन जावा."

काकूंनी करंड्याकडं पाहिलं. मग डोक्यावरचा पदर मागं सारून कपाळ पुढं केलं. मी घाईनं बोट टेकवलं, कुंकू वाकडं लागलं.

"वाकडं तर वाकडं," काकू म्हणाल्या, "पण केवढं थापलंस गं बाई."