शुक्रवारची लीग

लीगचा नवा आराखडा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये मोबाइलवर वाचला आणि हातातला डबा असा आपटला, की शेजारच्या बाईंच्या हजेरीपटावर भाजीचा रस्सा उडाला. "घरी काही झालं का?" त्यांनी घाबरून विचारलं. "घरी नाही, फुटबॉलमध्ये झालंय," मी म्हटलं. त्यावर त्या हसल्या. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

माझं हे असंच आहे. राग आला की पुढचं-मागचं दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर राग आलेला असताना मला बरंही वाटतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवून घसाही तसाच तयार झालेला. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या लाइन्समनला त्याची अक्कल काढलेली नीट ऐकू जाते.

माझा धाकटा भाऊ वाळूजच्या क्लबकडून खेळायचा. कारखान्यात प्रेस शॉपला काम आणि मैदानावर डावा बॅक, अशी अकरा वर्षं. आम्ही मूळचे चितेगावचे. शिक्षणासाठी तो सातवीपासून माझ्याकडे शहरात राहिला, माझ्या हाताखाली वाढला. त्यामुळे तो मला जितका भाऊ, तितकाच मुलगा. त्याला कोणी बोललेलं मी कधीच खपवून घेतलं नाही, मग तो रेफरी असो नाहीतर त्याचा सुपरवायझर.

आमची लीग जिल्ह्याची. पंधरा क्लब, त्यांतले सात ए डिव्हिजनमध्ये, आठ बीमध्ये. बीतला पहिला वर चढायचा, 'ए'तला शेवटचा खाली उतरायचा. मॅच नेहमी शुक्रवारी. वाळूजच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची, आणि शहरातल्या मोहल्ल्यांचे क्लब जुम्म्याची नमाज आटोपून यायचे. चार वाजता शिट्टी. हा वार कोणी ठरवला कुणाला माहीत नव्हतं, पण तो सगळ्यांना पुरत होता, मी सोडून. माझी सुट्टी रविवारची. माझ्या निम्म्या किरकोळ रजा शुक्रवारच्या दुपारीच संपल्या.

यंदा आम्ही बीमध्ये पहिले आलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आमचे मामा लहान मुलासारखे रडले. मामा म्हणजे क्लबचे सेक्रेटरी. आयुष्यभर कामगारांची शिफ्ट-बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर क्लब चालवायला घेतला. भाऊ घामानं निथळत माझ्याकडं आला आणि म्हणाला, "आक्का, आता चौतीस झाले. एक वर्ष 'ए'मदी खेळतो अन् सोडतो. तेवढं एक झालं की बास."

त्याला हवं होतं ते एवढंच.

पंधरा दिवसांनी आराखडा आला. डिव्हिजन बंद. चढणं नाही, उतरणं नाही. पंधरा क्लब मोडून आठ संघ, प्रत्येकाला एक प्रायोजक, मॅच रविवारी संध्याकाळी. आणि आमचं काय? वाळूज आणि चिकलठाणा मिळून एक संघ. वाळूज शहराच्या मावळतीला, चिकलठाणा उगवतीला, विमानतळापाशी. मधे अख्खं शहर. पण दोन्हीकडं कारखाने, म्हणून जिल्हा फुटबॉल संघटनेच्या कुणा शहाण्यानं दोघांना एका दावणीला बांधलं. हा माणूस वाळूजहून संध्याकाळच्या गर्दीत जालना रोडला एकदा तरी गेला असता तर त्याची अक्कल ठिकाणावर आली असती.

त्यातून चिकलठाण्याशी आमचं हाडवैर. चार वर्षांपूर्वी बीमधला पहिला नंबर त्यांच्या-आमच्या मॅचवर ठरणार होता. शेवटच्या पाच मिनिटांत रेफरीनं भावाच्या हाताला बॉल लागल्याची पेनल्टी दिली. त्यांनी ती मारली आणि ते वर गेले. आम्ही खालीच राहिलो. मी त्या दिवशी रेफरीच्या मोटारसायकलीसमोर उभी राहून त्याला जाऊ दिलं नव्हतं. शेवटी मला बाजूला न्यायला मामांना तिघं बोलवावे लागले.

संघटनेनं सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावून आराखडा समजावून सांगायचं ठरवलं. प्रोजेक्टर, पाण्याच्या छोट्या बाटल्या, इस्त्रीचे शर्ट. संघटनेचे साहेब म्हणाले, यामुळे फुटबॉल घराघरांत पोहोचेल. मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या घरात हायच की! तुमच्या घरात पोचवा!" हशा झाला, मग शिट्ट्या, मग शिव्या. मोहल्ल्यांतली पोरं, वाळूजचे कामगार, चिकलठाण्याचे लोक, सगळे एकदम पेटले. एकमेकांच्या तोंडाकडं न बघणारी माणसं त्या दिवशी एका सुरात ओरडत होती.

मामा उठले. हात जोडून म्हणाले, "साहेब, रविवारी आमच्या पोरांची ड्यूटी असती. खेळावं कवा?"

"रजा टाका," साहेब म्हणाले.

मग मला राहवलं नाही. मी खुर्चीवर चढले. चौथीच्या पोरांना झापते तसं त्या साहेबाला झापलं. महिन्यातून चार रजा कोणता कारखाना देतो ते सांगा, म्हटलं. ज्या पोरांनी उन्हात तापत बी डिव्हिजन जिंकलं त्यांना काय पाण्याची बाटली देणार? मुळात तुम्ही कधी एखादी मॅच पूर्ण पाहिलीत का? लोकांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी प्रोजेक्टर बंद केला आणि जाहीर केलं की पुढच्या रविवारी क्लबांच्या सेक्रेटरींचं मतदान घेऊ. एका क्लबला एक मत.

त्या टाळ्या मला पुढं महागात पडल्या, कारण मला वाटायला लागलं की ही लढाई माझ्या तोंडावरच जिंकायची आहे.

मामांनी माणसं मोजली. ज्यांना प्रायोजकाचं आमिष होतं ते सात क्लब आराखड्याच्या बाजूनं. आम्ही धरून सात विरोधात. उरलं चिकलठाणा. त्यांनाही आमच्यासोबत एका संघात यायचं नव्हतंच. दोघांनी मिळून हरकतीचं एक पत्र लिहायचं, त्यावर दोन्ही सेक्रेटरींनी सही करायची आणि रविवारी मत द्यायचं, असं ठरलं. गुरुवारी संध्याकाळी जालना रोडवरच्या एका हॉटेलात चहाला भेटलो. आमच्याकडून मामा, मी आणि दोघं-चौघं. भावाची सेकंड शिफ्ट होती, तो नव्हता.

चिकलठाण्याचा सेक्रेटरी साठीचा, पांढरी दाढी, शिलाईचं दुकान. संघाच्या जर्सी स्वतः शिवायचा. त्यानं माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. पत्र मीच लिहिलं होतं. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, क्या लिखा है! एकदम कडक. असं पहिल्यांदाच झालं, तुमचं-आमचं एकमत." सगळे हसले. भजी आली. त्यानं खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि सही करता करता मान वर करून माझ्याकडं बघत म्हणाला, "वैसे एक टीम झाली असती तर तुमच्या भावाला आम्ही पहिल्यांदा घेतलं असतं. लई चांगला बॅक आहे. बस, हात जरा खिशात ठिवावा लागंल."

हसणं अजून चालूच होतं. मामाही हसत होते. मी मात्र हसले नाही.

"हात खिशात तुमच्या रेफरीचा होता," मी म्हणाले. "तुम्हीच घातलेले पैसे चाचपत होता. चोरून वर गेलात तुम्ही. आख्ख्या मैदानाला माहीत आहे."

मामांनी टेबलाखालून माझा पदर ओढला. मी आणखी बोलले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहवत नाही. दुकानावर बसून जर्सी शिवण्याऐवजी मॅच शिवता, असलं काहीतरी होतं.

त्यानं पेनाचं टोपण लावलं. आवाज चढवला नाही. "मॅडम, मी मजाक केला," तो म्हणाला. "तुम्ही इल्जाम लावला." चहाचे पैसे त्यानंच दिले, आमचेसुद्धा, आणि त्याची माणसं घेऊन निघून गेला. पत्र भज्यांच्या ताटलीशेजारी पडून राहिलं.

रस्त्यावर आल्यावर मामांनी मला थांबवलं. मग म्हणाले, "बाई, काय केलंत हे?"

"खरं बोलले," मी म्हणाले. मला तेव्हाही बरं वाटत होतं.

शुक्रवारी भावाच्या घरी गेले. मामांनी त्याला सगळं कळवलेलं होतं. तो पायरीवर बसून सायकलची चेन साफ करत होता. मी म्हटलं, तुझ्यावर घाण उडवत होता, मी कशी ऐकून घेईन?

"आक्का," तो म्हणाला, "हात लागला व्हता."

"काय?"

"बॉल हाताला लागला व्हता. रेफरीनं मला इचारलं, लागला का? मी व्हय म्हनलो. तवा त्यानं पेनल्टी दिली."

मी पायरीवर बसले. चार वर्षं! चार वर्षं मी त्या पेनल्टीसाठी भांडत होते. नातेवाइकांत, शाळेत, मैदानावर. "मग मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगायला आलो तर तू रेफरीच्या गाडीपुढं हुबी. तू येवढी भांडायलीस माझ्यासाठी, आन् मी काय म्हनू, की माझीच चूक हाय?" त्यानं हात फडक्याला पुसले. "आता त्या चाचांना फोन कर. नंबर देतो. सॉरी म्हन, बास. लई सरळ मानूस हाय. रविवारपर्यंत टाइम हाय."

नंबर मी लिहून घेतला. शुक्रवारची संध्याकाळ गेली. शनिवारी शाळा सकाळची, दुपारपासून मी मोकळी होते. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. मेसेज लिहायला घेतला, तर 'माफ करा' हे दोन शब्द लिहून पुढं 'पण' आलं, आणि त्या 'पण'च्या पुढं मी पानभर लिहिलं. ते पुसलं. मग मी माझी समजूत घातली की फोनची गरजच नाही. आमच्यासोबत एकत्र येण्याचं त्यांना आमच्यापेक्षा जास्त वावडं. तो काही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार नाही. मत आमच्याच बाजूनं पडणार. आणि पडल्यावर बघू माफीचं. रागात मला पुढचं दिसत नाही हे मी आधी लिहिलंय. राग गेल्यावर तोंड उघडत नाही, हे लिहायला जड जातंय.

रविवारी सेक्रेटरींनी हात वर करून मतं दिली. बाजूनं सात, विरोधात सात. चिकलठाण्याच्या चाचांनी हात वरच केला नाही, ना इकडं ना तिकडं. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "ज्यांच्या नजरेत आम्ही चोर, त्यांच्यासोबत हात कसा वर करू? आन् या आराखड्यासोबत तर नाहीच." बरोबरी झाली म्हणून अध्यक्षांनी आपलं मत टाकलं. आराखडा पास.

पुढचं सगळं भराभर झालं. नव्या संघाची निवड रविवारी सकाळी, भावाची ड्यूटी रविवारी सकाळी. त्यानं सुपरवायझरला विचारलं, नाही म्हणून उत्तर आलं. आमच्यातली ठेकेदाराकडं काम करणारी दोन पोरं तेवढी दांडी मारून गेली. मामांनी क्लबच्या कपाटाची किल्ली संघटनेत नेऊन दिली आणि त्यानंतर मैदानाकडं फिरकले नाहीत. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी साहेबांना शिव्या होत्या, मग चिकलठाण्याला, मग हळूहळू माझ्याकडं वळल्या. 'मॅडमच्या तोंडापायी गेलं.' 'बाईला कशाला नेलं हॉटेलात?' मी एकालाही उत्तर दिलं नाही.

भाऊ मात्र मला एका शब्दानं बोलला नाही. मी त्याच्या तोंडून शिवी ऐकायला दोन-तीन शुक्रवार मुद्दाम जाऊन बसले. तो चहा पाजायचा, पोरांच्या अभ्यासाचं विचारायचा.

असाच एक शुक्रवार. मी आत भावजयीजवळ बसून कणीक मळत होते. ती पोळ्या लाटत होती. बाहेर क्लबचे तिघं-चौघं जुने सपोर्टर आले. मी घरात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. थोडं इकडचं-तिकडचं झालं आणि मग एकजण म्हणाला, "तुझं 'ए'चं वरीस बहिनीनं खाल्लं बघ. तिनं तोंड आवरलं असतं तर आज तू खेळायला असता."

"नाय रं," भाऊ म्हणाला. "माझा गुडघाच गेलाय. बीची शेवटची मॅच गोळ्या खाऊन खेळलो. मी आदीच ठरवलं व्हतं, औंदा खेळायचं नाय. आक्काचा काय संबंध?"

"आरं, मग सांगितलं का नाय?"

"काय सांगायचं त्यात? आता सांगितलं ना? सगळ्यांना सांगा."

भावजयीचं लाटणं थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं. त्याच दिवशी सकाळी, रोजच्यासारखा, तो वाळूजच्या रस्त्यावर पाच किलोमीटर पळून आला होता.

तव्यावरची पोळी करपली. मी उठून बाहेर जायला हवं होतं. मी कणीक मळत राहिले.