आत्याने निवडलेलं खारं पाणी
ओल्या लोखंडाचा वास आला की मला रिठदजवळची आमची बौद्ध वस्ती आणि दुष्काळाचं ते वर्ष आठवतं. हातपंप कुठे बसवावा हे ठरवण्यासाठी एक तरुण साहेब चित्रांच्या जोड्या दाखवून प्रत्येकाची निवड विचारत होता: पाटलाच्या मळ्यातलं जवळचं गोडं पाणी, की गायरानातलं लांबचं खारं? शेजारच्या म्हाताऱ्यानं जवळचं निवडलं, लेकुरवाळ्या बायांनी गोडं. माझ्या आत्यानं मात्र चित्रं कितीही बदलली तरी गायरानावरच बोट ठेवलं. “बाई, तुम्ही चव बघत नाही, अंतर बघत नाही!” असं म्हणत साहेब तिचं उत्तर खोडायला निघाला. “पाहून काय करू, बापू? मळ्यात पाटलाचे लोक शिवू देत नाईत, आमाले वरून पानी ओततेत. गायरानात मी माह्या हातानं घेईन.” “अन् माहे गुडघे?” म्हातारा करवादला. “तुमची घागर बी मीच आणीन, बाबा,” आत्या म्हणाली. “पन आता ओंजळ पसराले जानार नाई!” साहेबानं तिचं उत्तर तसंच ठेवलं. मग पाणी कोण काढणार, हेही चित्रात घालून तो पुन्हा घरोघर फिरला. म्हाताऱ्यानं तेव्हाही जवळचंच निवडलं, पण लेकुरवाळ्या बायांची बोटं गायरानाकडे वळली आणि पंप तिथेच बसला. आजही असं एखादं उत्तर कुणी अडाणीपणा म्हणून बाजूला सारलं, की मी भांडायला उभा राहतो.