डेल्मिराचं पहिलं पिंप

आज फुरांचो, घरच्या वाइनची खानावळ, उघडायचा! डेल्मिराने सहालाच चूल पेटवली होती. अकरा वाजेपर्यंत बटाट्याची आठ जाडजूड ऑम्लेटं ताटांत पडली, शिंपल्यांच्या मांसाचं सारण भरलेल्या दोन जाड रोट्या, एम्पनाडा, भट्टीतून निघाल्या. लसूण आणि लाल मिरचीपूड लावून दोन दिवस मुरवलेलं डुकराचं मांस परातीत तयारच होतं. मांडवाखालची बाकं पुसून झाली. वाइन प्यायचे पांढरे वाडगे दोनदा धुतलेले होते, तरी तिने ते तिसऱ्यांदा विसळले. हात स्वस्थ बसतच नव्हते.

खाण्याची तिला धास्ती नव्हती. तिच्या ऑम्लेटला नाव ठेवणारा माणूस साल्नेसच्या खोऱ्यात अजून जन्मायचा होता. धास्ती होती तळघरातल्या पिंपाची. गालिसियात घरची वाइन उरली की असं दार उघडायचं आणि ती संपली की लावून घ्यायचं. लोक येतात ते वाइनसाठी, ऑम्लेट आपलं जोडीला. आणि यंदाची वाइन डेल्मिराने केली होती.

तेविसाव्या वर्षी ती या घरात लग्न होऊन आली, तेव्हा सासूने, बाल्बिनाने, पहिल्याच दिवशी तळघराच्या दारात हात आडवा धरला होता. "इथून पुढे यायचं नाहीस. पाळीतली बाई शिरली की पिंप आंबतं."

"आणि पाळी नसली तर?" डेल्मिराने विचारलं.

"मी काय रोज विचारत बसू?"

तेव्हापासून एकतीस वर्षं ती सुरई धरून बाहेर उभी राहायची आणि नवरा, एलादिओ, आतून भरून द्यायचा. सासू गेली, यथावकाश डेल्मिराची पाळीही गेली. मनाई मात्र कोणी उठवली नाही.

गेल्या सप्टेंबरात एलादिओ द्राक्षांच्या मांडवावरून पडला आणि त्याचा उजवा खांदा मोडला. द्राक्षं काळीभोर होऊन फुटायला आलेली. "विकून टाक सगळी," तो खाटेवरून म्हणाला. "यंदा वाइन नाही."

डेल्मिराने वाद घातला नाही. तिने शेजारच्या ओब्दूलियाला हाक मारली. दोघींनी तीन दिवसांत द्राक्षं उतरवली, आणि डेल्मिरा बाह्या सरसावून तळघरात शिरली. इतकी वर्षं दाराशी उभं राहून तिने काय नुसती सुरईच धरली होती? कान आणि नाक उघडेच होते की. रस कधी खदखदतो, कधी निवतो, गाळावरून कधी उपसायचा, सगळं तिला तोंडपाठ होतं. एलादिओने मात्र हिवाळाभर त्या वाइनचा थेंब चाखला नाही. डॉक्टरने मनाई केलीय, म्हणायचा. डॉक्टरने मनाई केली होती शिडीवर चढायला.

बारा वाजले. साडेबारा झाले. कोणी आलं नाही.

एक गाडी वळणावर हळू झाली आणि तशीच पुढे गेली. मग दुसरी. एरवी पहिल्या रविवारी या वेळेला बसायला जागा नसायची. बाईने केलेली वाइन म्हणून गावाने पाठ फिरवली की काय?

"आलं का कोणी?" तिने आतून विचारलं.

"कोणी नाही," दाराबाहेर उन्हात खांदा शेकत बसलेला एलादिओ म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला, की एक ऑम्लेट त्याच्या डोक्यात घालावंसं तिला वाटलं.

एक वाजता ओब्दूलिया धापा टाकत मागच्या दाराने आत आली. "अगं बये, उघडणार आहेस की नाही? मार्सियालकाका आणि त्यांची पत्त्यांची टोळी तासभर घिरट्या घालतेय. खाली चौकात दहा-बारा गाड्या उभ्यात!"

"मग येत का नाहीत? दार सताड उघडं आहे!"

"दाराला काय चाटायचंय? फांदी कुठाय?"

डेल्मिराने कपाळावर हात मारला. लॉरेलची फांदी! दारावर ती हिरवी फांदी दिसल्याशिवाय सख्खा भाऊसुद्धा वाइन मागायला आत येत नाही. फांदी नाही म्हणजे वाइन तयार नाही. दर वर्षी ती एलादिओ बांधायचा. त्याची सगळी कामं तिने उचलली आणि नेमकं हेच विसरली.

ती बाहेर धावली. "सकाळपासून इथे बसलायस. वर नुसता खिळा दिसत होता ना तुला?"

"दिसत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"मला कोणी विचारलं?" त्याने नजर चुकवली. मग हळूच म्हणाला, "लोकांनी तोंडावर थुंकून टाकली असती तर, डेल्मिरा? बापजाद्यांचं पिंप आहे ते."

"खांदा मोडला होता तुझा, एलादिओ. जीभ नाही. आधी चाखायची होतीस."

परसातल्या झाडाची तिने एवढी मोठी फांदी मोडली, शिडी लावली आणि सरसर चढली. "सांभाळ गं," खाली शिडी धरून ओब्दूलिया ओरडली, "दोघांना भरवायला मी येणार नाही!"

गाठ पुरती आवळली नाही तोच चौकातून हॉर्न वाजले.

ऐंशीचे मार्सियालकाका सगळ्यांच्या पुढे. "किती वेळ लावलास पोरी! माझ्याकडे काय आयुष्य सांडलंय?" बाकं भरली, उरलेले भिंतीला टेकून उभे राहिले. डेल्मिराने तळघरातून सुरई भरून आणली आणि काकांच्या वाडग्यात ओतली.

काकांनी घोट घेतला. मग वाडगा कलता करून गोल फिरवला आणि आत पाहिलं. इथे जिभेआधी वाडग्याला विचारतात. रंग ओघळून गेला तर वाइन पाणचट. पांढऱ्या वाडग्याला जांभळा रंग शाईसारखा चिकटून बसला होता.

"आंबट आहे," काका म्हणाले.

डेल्मिराने सुरई बाकावर ठेवून दिली.

"जराशी. बाल्बिनाची याहून आंबट असायची, पण तिला सांगायची छाती कोणाची? भर, पोरी, भर! आणि ऑम्लेट आण. कडेचं नको, मधलं."

मांडवाखाली एकच गलका उठला. "इकडे!" "डेल्मिरा, दोन सुरया!" "मांस संपवू नका रे, आम्ही अजून बसलोही नाही!" ती पळत होती, ओतत होती, हसत होती. चार वाजेपर्यंत सात ऑम्लेटं फस्त झाली. पिंपावर बोट वाजवलं तर वरचा भाग चक्क पोकळ वाजला.

एलादिओ काकांच्या बाकाशी येऊन उभा राहिला. कोणी काही म्हणायच्या आत त्याने डाव्या हाताने काकांचा वाडगा उचलला आणि रिकामा केला. मग तो कलता करून आत पाहिलं.

"गाळावरून कधी उपसलीस?"

"फेब्रुवारीत."

"मी जानेवारीत उपसतो."

"माहीत आहे. जानेवारीत गाळ बसलाच नव्हता."

त्याने पुन्हा वाडग्यात पाहिलं आणि तो तिच्यापुढे धरला. "घाल अजून."

"थांब जरा," डेल्मिरा सुरई उचलत म्हणाली, "आधी गिऱ्हाइकं."