मुठीखालच्या दोन खाचा

भिंगवाली ताई जुन्या हत्यारांची किंमत ठरवत असे, आणि ठरवताना सारखी बोलत असे. ताईंच्या हातात बंदूक दिली की तोंड सुटतं, असं लिलाववाले गमतीने म्हणत. ही सवय बाबांनी लावलेली. जे दिसेल ते मालकासमोर मोठ्याने बोलायचं आणि मगच कागदावर लिहायचं. बोललेलं मागे घ्यायला माणूस लाजतो, म्हणून लबाडी होत नाही, असं त्यांचं म्हणणं. खापरपणजोबांची म्हणून मिरवलेली तलवार नाटक कंपनीची निघाली की लोक ताईवरच डाफरत. ती मात्र ढिम्म.

घाबरायचं काम घरात बाबांकडे होतं. एकेकाळचे नावाजलेले बंदूक कारागीर, आता ऐंशी ओलांडून मागच्या खोलीत बसलेले. दारावर थाप पडली की ते हातातला कप खाली ठेवत आणि कोण आलंय ते कळेपर्यंत घोटही घेत नसत. ताई सात वर्षांची असताना एका सकाळी त्यांनी अवजारं पोत्यात भरली, बायको-मुलीला घेतलं आणि गाव सोडलं. का, ते कधी सांगितलं नाही. जुन्या कामाबद्दल कोणी विचारलं तर आपल्याला काही ठाऊक नाही म्हणायचं, एवढं मात्र तिच्याकडून घोकून घेतलं.

त्या दुपारी पंचेचाळिशीचा एक माणूस आला. टॉवेलात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, शेजारी परवान्याचा कागद ठेवला आणि म्हणाला, ह्याची किंमत हवीय, आणि ह्यात कोणी काय फेरफार केलेत तेही.

चक्राची सहाही घरं रिकामी असल्याची खात्री करून ताईने भिंग डोळ्याला लावलं आणि तोंड सुरू झालं. नळी कापून आखूड केलीय. मूळचा निळा रंग घालवून वर निकेल चढवलंय. नंबर घासून नवा ठोकलाय. मुठीच्या लाकडाला तडा, सरसाने जोडलेला. प्रत्येक वाक्यासरशी किंमत एकेक पायरी उतरत होती, आणि तो माणूस साधं नाकही मुरडत नव्हता. अस्सल असतं तर शौकीन लोक ह्याच्यासाठी भांडले असते, आता चौथ्या हिश्शालाही कोणी विचारणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. तो फक्त "पुढे" म्हणाला.

तिने चाप ओढून पाहिला. टक्क आवाज झाला. मग तिने गोळीवर आदळणारा घोडा उजेडाकडे वळवला.

"घोड्याचं टोक घासलंय. तांदळाच्या कणीएवढंच. चाप ओढला की आवाज येईल, पण गोळी उडणार नाही."

"झिजलं असेल."

"छे, कानस फिरवलीय. मुद्दाम."

तो खुर्चीत पुढे सरकला. ताईने पेचकसाने मूठ उघडली, आणि डोक्याच्या आधी जीभ धावली. "मुठीखाली दोन तिरक्या खाचा. कारागिराची खूण."

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. त्या खाचा बाबांच्या होत्या. त्यांच्या प्रत्येक अवजारावर त्या होत्या, आत्ता तिच्या हातातल्या पेचकसाच्या दांड्यावरसुद्धा. तिने दांडा मुठीत आवळला, पण त्या माणसाची नजर आधीच तिथे पोचली होती.

हे आपल्या वडिलांचं, तो सांगू लागला. ते फार वाईट माणूस होते, लोक त्यांची सावलीही टाळत. ज्या दिवशी त्यांना हे वापरायचं होतं, नेमकं त्याच दिवशी हे चाललं नाही. टोक कोणी घासलं, ते आपण वीस वर्षं शोधतोय.

भिंतीपलीकडे बाबा होते, धड चालताही न येणारे. रिव्हॉल्व्हर रिकामं होतं, पण माणसाला हात असतातच की. कोणाची खूण ते ठाऊक नाही, असं ती म्हणाली. त्या टेबलापाशी बसून ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि तेही अगदी वाईट जमलं.

मग त्याने मुठीच्या तड्यावर बोट ठेवलं.

"हे त्यांनी माझ्या आईवर रोखलं होतं. मी तिच्या मांडीवर होतो. सहा वेळा चाप ओढला, सहाही वेळा नुसता आवाज. मग चिडून ह्या मुठीनेच मारलं. आईचा एक कान गेला, पण जीव वाचला." त्याने पेचकसाकडे पाहिलं. "बाहेर गाडीत बसलीय ती. म्हणते, त्या माणसाला एकदा बघायचंय."

ताई उठून आत गेली. मागच्या खोलीत बाबांची खुर्ची रिकामी होती आणि कप खाली ठेवलेला. बाबा मागच्या दारापाशी उभे होते, एकाच पायात चप्पल, आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या कडीशी दोन्ही हातांनी झटत होते.

"त्याचाच आवाज," ते म्हणाले. "मी ओळखला. बायकोला मारायला नीट करून दे म्हणाला होता. दुसऱ्या कशाने तरी मारलंच असेल ना गं तिला?"

"नाही, बाबा. हा त्याचा मुलगा. ती बाहेर गाडीत बसलीय. तुम्हाला भेटायला आलीय."

बाबांचे हात कडीवरच राहिले. मग ते हळूहळू वळले आणि खाली जमिनीवर बघू लागले.

"दुसरी चप्पल कुठे गेली बघ," ते म्हणाले. "पुढच्या दाराने जाऊ."