बैठकीची नवी मांडणी

माझ्या आईच्या पोटात कुठलीही गोष्ट राहत नसे. सकाळी रामघाटावर स्नानाला गेली की लुगडं पिळून होईपर्यंत घरातलं निम्मं तिने बाहेर सांगितलेलं असे, आणि दुपारच्या आत ते बालाजी घाटापर्यंत पोचलेलं असे. म्हणून बाबांनी डोळ्यांचं गुपित तिला सांगितलं नाही. ते मला सांगितलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते. त्या दीड वर्षात मला बाबांचा जितका राग आला तितका पुढे आयुष्यात कुणाचा आला नाही.

बाबा वेदपाठशाळेत शिकवत. खाली पाठशाळा, वर आमच्या दोन खोल्या. खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या, म्हणजे नोकरी जाईल त्या दिवशी खोल्याही जाणार. बनारसमध्ये आमचं दुसरं छप्पर नव्हतं, आणि महाराष्ट्रात तर चार पिढ्यांत कुणी परत गेलेलं नव्हतं. बाबांना काचबिंदू झाला होता. डावा डोळा आधीच गेला होता, उजव्याला फक्त उजेड कुठून येतो एवढं कळे. डॉक्टरांनी सांगितलं, आता हे परत येणार नाही. हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना बाबांनी माझा खांदा धरला आणि म्हणाले, "घरी बोलायचं नाही." एवढंच.

आईला कसं कळलं नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. डोळे अधू झालेत हे तिला ठाऊक होतं, चष्मा होताच. पण आमच्या घरात काही हलतच नसे. ताट वाढलं जाई ते रोज त्याच पाटासमोर, पाणी डाव्या हाताला, मीठ वरती. पंचा त्याच खुंटीवर, पळी-पंचपात्र त्याच कोनाड्यात. बाबा दिवसभर खाली मुलांत असत. त्यांना शिकवायला डोळे लागतही नसत, कारण आमच्याकडे पोथी उघडून शिकवणारा तो कच्चा गुरू. गुरूने म्हणायचं, शिष्याने ऐकून दोनदा म्हणायचं. बारा मुलं एका सुरात म्हणत असताना तिसऱ्या ओळीतल्या कुणाचा स्वर घसरला ते बाबा डोळे मिटून सांगत. आधीही मिटूनच सांगत, त्यामुळे फरक कुणाला कळणार?

बैठकीत मात्र त्यांचा सगळा हिशोब पायांवर होता. उंबरठ्यापासून दगडी फरशीची चार पावलं, मग तळपायाला सतरंजीचा काठ. काठापासून दोन पावलं, की उजव्या गुडघ्याला तखताचा कोपरा. तखत म्हणजे पुण्याकडे ज्याला लाकडी दिवाण म्हणतील तसा, पण शिसवी आणि जबर जड. कोपऱ्यावर हात टेकला की बाबा वळत आणि लोडाला टेकून असे ऐटीत बसत की समोरच्याला वाटावं, गुरुजी आपल्याकडे रोखून बघताहेत.

मी त्या वेळी कॉलेजात गृहविज्ञान शिकत होते. घर कसं सजवावं हा त्यातला एक भाग. पुस्तक हिंदीत, बाई बोलत त्यात निम्मे शब्द इंग्रजी, आणि घरी आल्यावर त्याच वस्तूंना आमचे मराठी शब्द. फर्निशिंग म्हणजे काय ते मी आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे झाडून-पुसून बैठक घालायची ना? त्याला कॉलेज कशाला हवं?" बाई सांगत, प्रत्येक खोलीला एक केंद्रबिंदू हवा, आत येणाऱ्याची नजर आधी तिथे गेली पाहिजे. मी वहीत उतरवून घेई आणि मनात चरफडे. आमच्या घरी नजर कुठे जाते ह्याच्याशी कुणाला काय करायचं होतं? पाय कुठे जातात हा प्रश्न होता.

तरी परीक्षेसाठी मी आमच्याच बैठकीचा नकाशा काढला. कागदावर काढायला काय जातं? तखत खिडकीखाली, लोड एका अंगाला, पाहुण्यांच्या गाद्या समोरच्या भिंतीला, मधोमध चौरंग आणि त्यावर फुलदाणी, खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसंध जाजम. बाईंनी त्यावर लाल पेन्सिलीने 'उत्तम' लिहिलं. मूर्खासारखी मी ती वही आईला दाखवली.

मग पुण्याहून पत्र आलं. पाठशाळा चालवणारे विश्वस्त तिकडचे. त्यातले दोघे काशीयात्रेच्या निमित्ताने येणार होते आणि गुरुजींच्या घरी बसून चार गोष्टी बोलणार होते. पत्र गच्चीत मीच वाचून दाखवलं. शेवटी एक वाक्य होतं: गुरुजींच्या प्रकृतीविषयी आमच्या कानावर काही आले आहे, ते प्रत्यक्ष पाहावे असा विचार आहे. बाबांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं.

"कोणी लिहिलं असेल?" मी विचारलं.

"कुणीही असो. खोटं तर लिहिलं नाही ना?" बाबा म्हणाले. मग पत्र माझ्या हातातून घेऊन घडी घालत, "बैठकीत मला काही होत नाही. तिथे बसून बोलेन. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

अर्ध्या तासासाठी बैठक पुरेशी होती. ती बाबांना पाठ होती. आम्ही दोघांनी ठरवलं आणि आईला फक्त एवढंच सांगितलं की मोठे पाहुणे येणार आहेत. आमची चूक झाली ती इथे.

ज्या दिवशी पाहुणे यायचे त्या दिवशी सकाळी माझी प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. ती आटपून मी धावतपळत जिना चढले आणि दारातच थबकले. माझ्या वहीतला नकाशा खोलीभर जसाच्या तसा मांडून ठेवला होता. आईने पाठशाळेच्या चार थोरल्या मुलांना हाताशी धरून तखत खिडकीखाली नेला होता. शेजारून लग्नकार्याचं जाजम मागून आणलं होतं आणि ते उंबरठ्यापासून पार पलीकडच्या भिंतीपर्यंत ताणून अंथरलं होतं. आता कुठेही काठ नव्हता, पायाला फरशी लागणार नव्हती. मधोमध चौरंग, त्यावर फुलदाणी. उजव्या भिंतीला पांढरीशुभ्र खोळ घातलेल्या गाद्या, आणि त्या गाद्यांवर दोन्ही विश्वस्त येऊन बसलेसुद्धा होते.

थोरले सत्तरीचे, धोतर नेसलेले, कमी बोलणारे. धाकटे पन्नाशीचे, मांडीवर फाइल. आई स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघून हसत होती. तिचा चेहरा इतका खुलला होता की मला तिला मारावंसं वाटलं. हो, अगदी तसंच वाटलं, खोटं कशाला लिहू?

खाली पाठ संपत आला होता. शेवटचा 'शांतिः' तीनदा म्हणतात. पहिला झाला.

मी वळून जिन्याकडे निघाले, तेवढ्यात धाकटे म्हणाले, "मुली, जरा पाणी मिळेल का?" आईने तिथूनच हाक मारली, "अगं, पाहुण्यांना पाणी दे आधी!" दुसरा 'शांतिः' झाला. मी तांब्या-फुलपात्र आणलं. घाईत पाणी जाजमावर सांडलं. तिसरा झाला, मुलं उठली, आणि जिन्यात बाबांच्या खडावा वाजू लागल्या. सतरा पायऱ्या होत्या.

बाबांनी दाराबाहेर खडावा काढल्या. उंबरठ्यावर उभे राहून हात जोडले आणि पहिलं पाऊल आत टाकलं. पाय जाजमावर पडला. ते थांबले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, फक्त धोतराचा सोगा त्यांनी मुठीत घट्ट धरला.

मी बोलायला लागले.

"बाबा, बघा तरी, आईने बैठक कशी सजवलीय! माझ्या कॉलेजच्या पद्धतीने, बिलकुल नकाशाबरहुकूम. जाजम उंबरठ्यापासून थेट पलीकडच्या दीवारीपर्यंत. चौरंग बरोब्बर मधोमध, पाच पावलांवर, वर काचेची फुलदाणी, आमच्या बाई त्याला केंद्रबिंदू म्हणतात. पाहुण्यांच्या गाद्या उजव्या हाताला. आणि तुमचा तखत पूरा डावीकडे नेलाय, खिडकीखाली, दीवारीला सटवून, अगदी चिकटवून. लोड त्याच्या पलीकडच्या टोकाला."

बाबा उजवीकडे वळले आणि गाद्यांच्या दिशेने वाकून नमस्कार केला. मग डावीकडे निघाले. मी एकेक पाऊल मोजत होते. चौरंगाजवळून जाताना धोतर फुलदाणीला घासलं, ती डगमगली, पडली नाही. आणखी तीन पावलं. हात पुढे न करता ते थांबले, खिडकीतला उजेड चेहऱ्यावर घेतला, आणि सावकाश बसले. खाली तखत होता.

"मुलगी फार बोलकी आहे," धाकटे म्हणाले.

"आजच अंगात आलंय तिच्या," आई आतून म्हणाली. "एरवी तोंड उघडत नाही."

बोलणं सुरू झालं. मुलं किती, धान्य किती लागतं, पावसाळ्यात गंगा कुठल्या पायरीपर्यंत चढते. बाबा नेहमीच्या शांतपणे उत्तरं देत होते. थोरले उठून तखतावर बाबांच्या शेजारी येऊन बसले. वडीलधारा माणूस जवळ येऊन बसतो ह्यात वावगं काही नव्हतं. मी बाबांसाठी पाणी आणलं, फुलपात्र त्यांच्या उजव्या गुडघ्याजवळ ठेवलं, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून नखाने त्यावर टिचकी मारली.

थोरल्यांनी ते पाहिलं. बाबा गेल्या वर्षीच्या परीक्षेविषयी सांगत होते. थोरल्यांनी एक बोट पुढे केलं आणि फुलपात्र हळूच, आवाज न करता, वीतभर मागे सरकवलं. मग हात मांडीवर ठेवून ते बघत राहिले.

बोलता बोलता बाबांचा घसा कोरडा पडत होता. त्यांचा हात आता पाण्याकडे जाणार, हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले असते तर तो हात रिकाम्या चादरीवर चाचपडला असता. बोलले असते तर माझं इतका वेळचं बडबडणं कशासाठी होतं ते उघडं पडलं असतं. हात उचलला गेला.

"बाबा, फुलपात्र मागे सरकलंय. लोडाच्या बाजूला."

थोरल्यांनी मान वर केली. बाबांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. आत फोडणीचा आवाज येत होता, तो थांबला.

"पुरे, बाळ," बाबा म्हणाले. मग सरळ बसले. "मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. तुमच्या कानावर आलं ते खरं आहे. मुलीची चूक नाही, तिला खोटं बोलायला मी लावलं."

धाकट्यांनी फाइल उघडली. ते वाईट माणूस नव्हते, त्यांचा आवाजही चढला नव्हता. "गुरुजी, तुमच्या विद्वत्तेबद्दल प्रश्नच नाही. पण बारा मुलांची जबाबदारी आहे. ती गंगेवर जातात. परीक्षेच्या वह्या आहेत, हजेरी आहे. ट्रस्टचा नियम आहे. वर्षअखेरपर्यंत तुम्ही खोल्या..."

"मी हलवलं हे?"

आई बाहेर आली होती. परक्या पुरुषांसमोर ती कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. हाताला कणीक तशीच होती. ती पाहुण्यांकडे बघतही नव्हती, माझ्याकडे बघत होती. "ह्यांना दिसत नाही, आणि मी ह्यांची बैठक हलवली?"

मी मान डोलावली. तिच्याकडे बघवत नव्हतं.

बाबांना दीड वर्षाचं जे बोलायचं ते ती नंतर महिनाभर बोलली, आणि घाटावर नव्हे, घरातच. त्या क्षणी ती तखताजवळ गेली आणि थोरल्यांना म्हणाली, "उठा जरा."

"अहो वहिनी, आम्ही महत्त्वाचं बोलतोय," धाकटे म्हणाले.

"बोला की. पण उभे राहून बोला. ह्यांचा तखत जागेवर न्यायचाय."

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिने जाजमाचं टोक धरून खेचलं, तशी फुलदाणी आडवी झाली आणि पाणी सगळीकडे पसरलं. बाबा उठून उभे राहिले, त्यांना कुठे सरकावं ते कळेना. मी त्यांचा दंड धरून त्यांना दारापाशी नेलं. आईने तखताचं एक टोक धरलं. मी परत येऊन दुसरं धरलं. तखत जागचा हलला नाही. सकाळी चार दणकट मुलं लागली होती. आई तरी ओढतच होती, आणि आता रडतही होती, कणकेच्या हाताने नाक पुसत.

थोरल्यांनी धोतर खोचलं, आईच्या शेजारी येऊन कोपरा धरला आणि दाराकडे बघून विचारलं, "गुरुजी, कुठे ठेवू?"

बाबा उंबरठ्याकडे पाठ करून उभे राहिले. मग एकटेच चालत आले. चार पावलं. दोन पावलं, चौरंगाच्या कडेला धोतर घासत. उजवा हात खाली सोडला. "इथे," ते म्हणाले. "कोपरा माझ्या हाताखाली आला पाहिजे."

"येईल," थोरले म्हणाले. मग धाकट्यांकडे वळले. "वह्या तपासायला आणि मुलांना घाटावर न्यायला माणूस ठेवू. पाठ ह्यांचाच. ती फाइल ठेवा खाली. बघत काय उभे राहिलात, चौरंग उचला आधी, ह्यांच्या वाटेत आहे."