मेहुणीचा सुरा

हॉटेलच्या किचनात तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मुख्य आचारी ती, आणि तिचा सुराही तसाच मानाचा. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, लोहार भावोजींनी, तो खास तिच्या पंजाच्या मापाने घडवला होता. देताना म्हणाले होते, "धाकल्या बाईसाहेब, याला धार मी लावलीय. तुमच्या जिभेला कुणी लावली ते मात्र ठाऊक नाही." मग हसू आवरून बजावलं होतं, "कडक पोलाद आहे. वापरला की पुसून ठेव, नाहीतर गंजेल. आणि हाडावर, गोठलेल्यावर घालू नकोस. धार टिकेल, पण पीळ सोसणार नाही."

एका दुपारी ऐन गर्दीत मासळीचे गोठलेले तुकडे एकमेकांना घट्ट चिकटून बसले. पाणी ओतून वाट बघायला सवड कुणाला? तिने फटीत सुऱ्याचं टोक खुपसलं आणि पिळलं. कट्ट! नखाएवढं पातं उडालं. सगळ्यांनी माना वळवल्या. तोवर तिने मासळी हळूच टोपाखाली सरकवली होती.

"पोलादच कच्चं निघालं," ती बोलून गेली. "भावोजींचा हात पूर्वीचा राहिला नाही."

गोष्ट पायांशिवाय धावली. समोरच्या खानावळीच्या आचाऱ्याने भावोजींना घडवायला सांगितलेला सुरा आता नको म्हणून कळवलं. भावोजींनी स्वतः येऊन तुटकं पातं निरखलं. "कशावर चालवला होतास?"

"कांद्यावर," ती म्हणाली.

ते पातं खाली ठेवून निघाले. तिला वाटलं, सुटले.

मग बहिणीचा फोन आला. "हे नीट जेवत नाहीत गं. डोळेसुद्धा तपासून आले. तू येऊन जरा समजाव."

ती गेली तेव्हा भावोजी तयार पाती एकेक करून शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळत होते आणि हातोड्याने मोडत होते. चांगली, चकचकीत पाती. मोडलेली कड उजेडात धरून बघायची, बाजूला टाकायची, पुढचं घ्यायचं.

"हे बघ," तिला पाहून ते म्हणाले, "दाणा कसा बारीक आहे, राखेसारखा. म्हणजे पोलाद पक्कं. मग चुकलो कुठं? पाणी देताना तापलेल्या पोलादाचा रंग मला आता कळेनासा झालाय बहुतेक."

त्यांनी पुढचं पातं उचललं. तिने त्या पात्यावर हात ठेवला.

"भावोजी, नका मोडू. कांदा नव्हता. मासळी होती, गोठलेली. मी टोक घालून पिळलं."

दारात बहीण चहा घेऊन उभी होती. ती पुढे आली नाही.

भावोजींनी हातोडा खाली ठेवला. "तेव्हाच सांगितलं असतंस तर हसलो असतो गं," ते म्हणाले आणि तुकडे गोळा करायला लागले. तीही खाली वाकली.

"राहू दे. हात कापेल तुझा."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने किचनात सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. भाजी चिरणाऱ्या मावशींनी मायेने मान हलवली. "जाऊ द्या हो ताई. घरचं माणूस आहे, पांघरूण घालावंच लागतं."

"मावशी, शपथ घेऊन सांगते!"

"बरं बरं. आम्ही कुठं काय म्हणतोय?"

ती जितकी जीव तोडून सांगे, तितके लोक समजूतदारपणे हसत. काम संपल्यावर ती रस्ता ओलांडून समोरच्या खानावळीच्या मागच्या दाराशी गेली. तिथला आचारी भांड्यांच्या ढिगातून हात पुसत बाहेर आला. "काय हो, आज इकडं कुठं?"

मान वर होत नव्हती. त्याच्या ओल्या चपलांकडे बघत तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.